पॅचचा रिव्ह्यू आणि ५८४ वर्षं झोपलेली प्रोसेस

गेल्या नोंदीत लिहिलं होतं, आमच्या टूलमध्ये आयडल वेळेचे, म्हणजे सीपीयू रिकामा बसल्याच्या वेळेचे, आकडे चक्रम येतायत. भाच्याने त्यावर पॅच, म्हणजे कोडची दुरुस्ती, पाठवला. मी लोकमान्यनगरात, तो राजेंद्रनगरात. दोन्ही घरं इंदूरचीच, तरी रिव्ह्यू लेखीच करायचा असा आमचा नियम आहे. तोंडी सांगितलं की तो ‘हो मामा’ म्हणतो आणि कोड तसाच ठेवतो.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात: टूल लिनक्सच्या कर्नलमधल्या (गाभ्यातल्या) एफट्रेस या घटना नोंदवणाऱ्या सोयीतून ‘स्केड_स्विच’ ही घटना वाचतं. सीपीयूवरून एक टास्क (चालू प्रोग्रॅमचं काम) उतरला आणि दुसरा चढला की एक ओळ पडते. कोण उतरला, कोणत्या अवस्थेत उतरला, कोण चढला. त्यावरून कोण किती पळाला आणि किती वेळ बाहेर बसला याचा हिस्टोग्राम काढायचा, बस्स. एफट्रेस २००८ सालापासून, म्हणजे २.६.२७ या आवृत्तीपासून कर्नलमध्ये आहे, त्यामुळे माझ्या चार कोअरच्या म्हाताऱ्या लॅपटॉपवरही वेगळं काही बसवावं लागत नाही.

आयडलची चूक माझीच. सगळ्या नोंदी मी पीआयडीच्या, म्हणजे टास्कच्या ओळख-क्रमांकाच्या, चावीवर ठेवल्या होत्या. पण रिकाम्या सीपीयूवर जो ‘स्वॅपर’ चढतो त्याचा पीआयडी शून्य, आणि तो दर सीपीयूला वेगळा: स्वॅपर/०, स्वॅपर/१ असे. चौघं एकाच खणात लिहिणार आणि एकमेकांचं पुसणार. भाच्याने चावीत सीपीयूचा नंबरही घातला. छोटा, स्वच्छ पॅच. आयडलचे आकडे लगेच ताळ्यावर आले.

‘छान’ लिहून मी मोकळा होणारच होतो, तेवढ्यात शंका आली: टास्क सीपीयू १ वरून उतरला आणि शेड्युलरने (कोणी कुठे पळायचं ते ठरवणाऱ्या कर्नलच्या भागाने) त्याला ३ वर चढवला तर? उतरल्याची नोंद १ च्या खणात, शोधणार ३ च्या. सापडणार नाही. वर ती जुनी नोंद तशीच पडून राहणार, आणि टास्क कधी परत १ वर आला की मधला सगळा काळ ‘झोप’ म्हणून मोजला जाणार.

नुसतं म्हणून भागत नाही, दाखवावं लागतं. दहा मिलिसेकंद झोप, उठ, परत झोप असा चार ओळींचा प्रोग्रॅम लिहिला आणि टास्कसेट या आज्ञेने दर अर्ध्या सेकंदाला त्याला १ वरून ३ वर, ३ वरून १ वर हलवलं. हिस्टोग्राममध्ये दहाचा उंच खांब अपेक्षित होता, तो आला. पण पार उजवीकडे, अर्ध्या सेकंदाच्या जरा पुढे, एक बारका खांबही उभा. भाच्याला तेवढंच चित्र पाठवलं. उत्तर आलं, “मामा, कळलं.”

आणखी एक टिप्पणी केली होती: ‘आर’ अवस्थेत उतरलेला टास्क झोपलेला नसतो, सीपीयूसाठी रांगेत ताटकळत असतो, ते वेगळं मोज. यावर तो म्हणाला, हा वेगळा पॅच. बरोबर आहे त्याचं.

दुसऱ्या आवृत्तीत दोन तक्ते झाले. पळण्याचा वेळ सीपीयूच्या चावीवर, झोपेचा पीआयडीच्या, आणि शून्य पीआयडी झोपेच्या तक्त्यातून बाद. चालवलं तर एक प्रोसेस ५८४ वर्षं झोपलेली! मल्हारराव होळकरांचा जन्म १६९३ चा. ही बाई त्यांच्याही अडीचशे वर्षं आधी आडवी झाली होती. चौसष्ट बिटांच्या बिनचिन्ही, म्हणजे ऋण होऊच न शकणाऱ्या, आकड्यात लहानातून मोठा वजा केला की उत्तर असं अवाढव्य येतं, आणि २ चा ६४ वा घात नॅनोसेकंद म्हणजे साधारण ५८४ वर्षं.

मी ठासून लिहिलं की घड्याळ बदल, कारण एफट्रेसचं मूळचं ‘लोकल’ घड्याळ सगळ्या सीपीयूंवर जुळलेलं असेलच असं नाही. त्याने ‘ग्लोबल’ लावलं. ५८४ वर्षं तशीच. माझी एक संध्याकाळ त्या घड्याळाच्या नावाने वाया.

खरं कारण आमच्याच वाचण्यात होतं. प्रत्येक सीपीयूचा ट्रेस_पाइप, म्हणजे त्याच्या घटनांचा प्रवाह, आम्ही वेगळ्या थ्रेडने (टूलमधल्या स्वतंत्र धाग्याने) वाचतो. १ चा थ्रेड पुढे धावला, त्याने टास्कची नंतरची उतरण आधीच नोंदवली. मागे रेंगाळलेला ३ चा थ्रेड मग त्याच टास्कची जुनी चढण घेऊन आला. वजाबाकी उलटी.

मग हे आजवर दिसलं कसं नाही? भाच्याने पहिल्याच आवृत्तीत एक ओळ ‘निरुपयोगी’ म्हणून उडवली होती: फरक एक सेकंदाच्या वर गेला तर टाकून दे. मी त्या ओळीकडे बघितलंही नव्हतं. कोणती ओळ कोणी लिहिली ते सांगणारं गिट ब्लेम लावलं, तर लिहिणारा मीच, शेजारी शेरा: ‘काहीतरी विचित्र येतंय, नंतर बघू.’

तिसऱ्या आवृत्तीत चारही प्रवाह टाइमस्टॅम्पने, म्हणजे घटनेच्या वेळेनुसार, लावून मगच हिशेब होतो. एखादा सीपीयू गप्प बसला तर बाकीच्यांना किती थांबवायचं, यावर अजून वाद आहे. तो म्हणतो शंभर मिलिसेकंद, मला तो आकडा हवेतला वाटतो. शिवाय बफर (घटनांची तात्पुरती साठवण) भरून घटना हरवल्याची ओळ आली की त्या सीपीयूची अर्धवट नोंद पुसायला हवी, तेही राहिलंय. एक सेकंदाची गाळणी मात्र परत घातली नाही. तिच्या जागी तपासणी आहे: फरक ऋण आला की टूल ओरडून बंद पडेल. काल रात्रीपासून चालू ठेवलंय, अजून ओरडलेलं नाही.