बेमस्टरच्या सरळ रस्त्यांवर

आज सायकल घेऊन अॅमस्टरडॅमच्या सेंट्रल स्थानकामागून विनाशुल्क फेरीबोटीने पाण्यापलीकडे गेलो आणि वॉटरलँड, पुर्मरेंड, बेमस्टर, स्खेरमरहॉर्न असा पल्ला गाठत संध्याकाळी अल्कमारला पोहोचलो.

बेमस्टर हे मुळात सरोवर होते. पवनचक्क्यांनी पाणी उपसून १६१२ मध्ये ते कोरडे केले गेले आणि १९९९ मध्ये या भूमीला जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. इथली जमीन समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतीन मीटर खाली आहे, हे वाचून माहीत होते. पण बांधावर सायकल थांबवली, तेव्हा एका हाताला कालव्यात तरंगणारी होडी आणि दुसऱ्या हाताला तिच्याहून कितीतरी खाली चरणाऱ्या गाई एकाच नजरेत दिसल्या आणि मी बराच वेळ तिथून हललो नाही.

चढ नाही म्हणून हा रस्ता सोपा, असे कोणी समजू नये. पट्टीने आखल्यासारख्या त्या रस्त्यांवर समोरून वारा सुरू झाला की आडोसा मिळत नाही, आणि उतार नसल्यामुळे पायांना क्षणाचीही उसंत नसते.

स्खेरमरहॉर्नच्या पवनचक्क्या मला सर्वाधिक भावल्या. एकीने उचललेले पाणी दुसरीने आणखी वर चढवायचे, अशा टप्प्याटप्प्याने स्खेरमर सरोवर १६३५ पर्यंत रिकामे झाले. इतक्या चिकाटीने मिळवलेली जमीन अजूनही अखंड उपशावरच टिकून आहे.

अल्कमारहून सायकलसह रेल्वेने परतता येते. मात्र सायकलीचे वेगळे तिकीट काढावे लागते.