साबन, कोयमतूर आणि माझं कृतिसंशोधन

शिक्षण परिषदेला, म्हणजे आसपासच्या शाळांच्या शिक्षकांच्या बैठकीला, पोचायला मला वीस मिनिटं उशीर झाला आणि तेवढ्यात माझ्या नावावर एक कृतिसंशोधन लागलं, म्हणजे वर्गातलीच एखादी अडचण घेऊन शिक्षकानं करायचा छोटा अभ्यास. केंद्रातून एक तरी प्रस्ताव डाएटला (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेला) गेलाच पाहिजे, असं केंद्रप्रमुखांनी सांगितलं होतं. हात कुणी वर केला नाही. अशा वेळी गैरहजर माणसाचं नाव लिहून मोकळं होणं सगळ्यात सोपं. मी आत शिरले तेव्हा टाळ्या वाजत होत्या. कशाच्या, ते चहा झाल्यावर कळलं.

माझी शाळा खानापूर तालुक्यात, विट्यापासून आत. द्विशिक्षकी. माझ्याकडे तिसरी-चौथी एकत्र, पट १९. गावातली बरीच घरं गलाईवाल्यांची. जुनं सोनं-चांदी आटवून शुद्ध करायचा हा धंदा इथल्या माणसांनी पार तमिळनाडू-केरळपर्यंत नेलाय. त्यामुळे माझ्या वर्गातले बरेच वडील दिवाळीला, जत्रेला आणि व्हिडिओ कॉलवर भेटतात. उरलेल्यांची शेती. टेंभू सिंचन योजनेचं पाणी आल्यापासून द्राक्षबागा वाढल्या, तशा बागेत रोजानं जाणाऱ्या बायकांच्या टोळ्याही वाढल्या.

कृतिसंशोधन मला नवं नव्हतं. डी.एड.ला एक केलं होतं. केलं म्हणजे काय, झेरॉक्सच्या दुकानात तयार फाईल मिळायची, त्यातली शाळा आणि इयत्ता बदलली. गरज व महत्त्व, समस्या विधान, उद्दिष्टे, परिकल्पना, पूर्वचाचणी, उत्तरचाचणी, निष्कर्ष. सगळ्या फायलींत उत्तरचाचणीचे गुण वाढलेले असायचे. कमी झालेली फाईल मी तरी आजवर पाहिलेली नाही.

तसाच विषय मी याही वेळी धरला: मुलांच्या लेखनातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका. सोपा विषय, चुका मोजायच्या, सराव घ्यायचा, परत मोजायच्या. जुलैत पूर्वचाचणी म्हणून ‘माझी आई’ लिहायला दिलं आणि संध्याकाळी कागद घेऊन बसले.

१९ कागदांत एकच आई होती. ‘माझी आई मला खूप आवडते. ती लवकर उठते. ती रुचकर स्वयंपाक करते. ती माझा अभ्यास घेते.’ गाईडातलं वाक्य न् वाक्य. चौथीतल्या एका मुलाची आई टोळीत जाते, सकाळी सातला घर सोडते, मी रोज शाळेत येताना तिला बघते. त्यानं लिहिलं होतं, ‘माझी आई गृहिणी आहे.’ वेलांट्या सगळ्या बरोबर. माझ्या मोजपट्टीवर त्याला दहापैकी दहा मिळत होते.

डाएटच्या अधिव्याख्यात्यांना फोन केला, म्हटलं चुका फारशा निघत नाहीत, विषय बदलू का? त्यांनी विषयावर काहीच न बोलता विचारलं, “मॅडम, तुम्ही वह्या तपासता कशा? शाळा सुरू झाल्यापासूनची एकाच मुलीची वही फोटो काढून पाठवा.” मला वाटलं सर टाळतायत. तरी पाठवली. पाठवता पाठवता मीही पहिल्यांदाच एक वही सलग बघितली. आपण रोज १९ वह्या एका दिवसाच्या बघतो, एक वही ओळीनं बघत नाही.

त्या मुलीनं जूनमध्ये ‘सुट्टीत मी काय केले’ यावर पान भरून लिहिलेलं. वडिलांकडं गेलेली, तिथली भट्टी, मूस, वितळलेलं सोनं ‘लाल पान्यासारक दिसतं’ असं. गावाचं नाव तीन ठिकाणी ‘कोयमतूर’. मी तीन लाल गोल मारले होते. ‘पान्यासारक’वर एक. एकूण गोल २३, खाली शेरा ‘शुद्धलेखनाकडे लक्ष दे’. जुलैच्या पहिल्या आठवड्यात तिनं अर्धं पान लिहिलंय. त्यानंतर चार ओळी. महिनाअखेरीस, ‘मी गावाला गेले. मला मजा आली.’ एकही गोल नाही. खाली माझा शेरा: ‘छान प्रगती’.

खरं सांगायचं तर दोन दिवस मी ती वही कपाटातच ठेवली.

मग विषय बदलला. मुलांच्या चुकांचा नाही, माझ्या तपासण्याचा: पहिल्या खर्ड्यावर लाल पेन चालवलं नाही तर मुलं काय लिहितात? प्रस्तावनेसाठी थोडं वाचलं. ‘कृतिसंशोधन’ हा शब्द कर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञानं १९४६ च्या एका लेखात रूढ केला. आखायचं, करून बघायचं, काय झालं ते तपासायचं आणि परत आखायचं, अशी त्याची फेरी. पुढं अमेरिकेत स्टीफन कोरी यांनी १९५० च्या दशकात ते शाळेत आणलं. शिक्षकानं आपल्याच कामाचा अभ्यास करायचा, असं त्यांचं म्हणणं. झेरॉक्सच्या फायलींत हे कुठं नव्हतं. तिथं दोष कायम मुलांचाच.

मोजायचं काय, यावर माझे आठ दिवस गेले. शब्द मोजणं सोपं, पण शब्द वाढवायला मुलं ‘खूप खूप खूप’ लिहितात. शेवटी मी एक रकाना स्वतःच केला आणि त्याला नाव दिलं ‘नवी खबर’. लिहिलेल्यात मला आधी माहीत नव्हतं असं किती आहे? ‘ती रुचकर स्वयंपाक करते’ ही खबर नाही. ‘सोनं लाल पान्यासारक दिसतं’ ही खबर. प्रस्तावात मात्र ‘आशयातील मौलिकता’ असं लिहावं लागलं. ‘नवी खबर’ लिहिलं असतं तर परत आलं असतं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर फेब्रुवारीअखेरपर्यंत चाललं ते असं. लिहायच्या आधी दहा मिनिटं शेजाऱ्याला सांगायचं, जसं घरी बोलतो तसं. मग लिहायचं. पहिल्या खर्ड्यावर मी फक्त शिसपेन्सिलीनं खाली एक प्रश्न विचारायचा: ‘मग म्हशीनं काय केलं?’, ‘कुठल्या आजीनं?’ शनिवारी आठवड्यातला एकच खर्डा निवडून तो पक्का करायचा, आणि त्यातही एका आठवड्याला एकाच प्रकारची चूक बघायची. पहिल्यांदा शब्दाचं शेवटचं अक्षर घेतलं, कारण नियम सरळ आहे. मराठी शब्दाच्या शेवटी वेलांटी-उकार आला की दीर्घ, ‘आणि’सारखे मोजके अपवाद सोडले तर. या एका नियमानं अर्धी वही सुधारते आणि मुलांना तो शोधायला मजा येते, दुकानाच्या पाट्यांवरसुद्धा चुका काढत फिरली. पुढचा अवघड गेला. ‘फूल’ दीर्घ मग ‘फुलात’ ऱ्हस्व का, हे चौथीच्या पोराला समजावताना मीच दोनदा अडखळले. तीन आठवडे त्यात गेले आणि फार काही हाती लागलं नाही.

बोलीचं काय करायचं, यावर मी अजून ठाम नाही. ‘म्हस’, ‘गेलतो’, ‘करती’ हे खर्ड्यात राहू दिलं. पक्क्या लेखनात ‘पुस्तकात कसं असतं?’ एवढं विचारायचं. पण एका मुलानं गोष्टीतल्या आजीच्या तोंडी ‘कुटं गेलतास रं’ लिहिलं आणि पक्क्यात त्याचं ‘कुठे गेला होतास?’ केलं, तेव्हा आजी मेलीच. ते मी त्याला परत पहिल्यासारखं करायला लावलं. वर्गाला तेव्हापासून वाटतं की बाईंचं काही नक्की नसतं.

अडचणी अपेक्षेप्रमाणेच. एका मुलीच्या आजोबांनी वही घेऊन शाळा गाठली. “बाई, ह्या चुका तुमाला दिसत न्हाईत का?” मी समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं, मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी वहीत घरूनच लाल गोल मारून पाठवले. शाळाभेटीला आलेल्या एका साहेबांनी पाच वह्या चाळल्या आणि शेरेबुकात लिहिलं, ‘वह्या तपासणी नियमित करावी. पूर्तता अहवाल सादर करावा.’ कृतिसंशोधन चालू आहे म्हटल्यावर म्हणाले, “ते करा, पण वह्या तपासून करा.” डिसेंबरात एका मुलाचा दाखला गेला, वडिलांनी कुटुंब धंद्याच्या गावी नेलं. नमुना १९ चा १८ झाला. मधल्या सर्वेक्षणांचं आणि ऑनलाइन माहिती भरण्याचं काय सांगायचं, वाचणारे निम्मे शिक्षकच असतील.

सगळ्यात जास्त शिकले ते उत्तरचाचणी तपासताना. फेब्रुवारीत परत ‘माझी आई’ दिलं. माझेच विद्यार्थी, माझाच उपक्रम आणि मीच गुण देणार, म्हणजे वाढ दिसणारच. म्हणून जुलैचे १८ आणि फेब्रुवारीचे १८ असे ३६ कागद घेतले, नावं-तारखा झाकल्या, पत्त्यांसारखे पिसले आणि शेजारच्या गावातल्या मैत्रिणीला दिले. तीही झेडपीचीच. तिनं गुण दिले, मी वेगळे दिले, मग जुळवले. बारा कागदांवर आमचं मोठं अंतर. शोधता शोधता कारण सापडलं: अक्षर. सुबक अक्षराला ती हात सैल सोडत होती, आणि थोडा मीही. मग ठरवलं, कागद बघायचाच नाही, एकीनं वाचायचं आणि दुसरीनं ऐकून ‘नवी खबर’ मोजायची. मी वाचायला लागले. चौथ्या कागदावर तिनं थांबवलं. “अगं, तू वाचताना दुरुस्त करतीयेस. इथं ‘साबन’ आहे, तू ‘साबण’ वाचलंस.” खरंच होतं. पंधरा-सोळा वर्षांची सवय, जिभेतसुद्धा लाल पेन. पुढचे कागद तिनं वाचले.

निकाल असा. लेखन लांबलं, बहुतेकांचं दुपटीच्या आसपास. जुलैच्या कागदांत ‘नवी खबर’ जवळजवळ शून्य होती, फेब्रुवारीत तिघांचे कागद सोडून सगळीकडं काही ना काही होती. ते तिघं अजून गाईडच लिहितात, आणि का ते मला सापडलेलं नाही. आणि चुका? एकूण चुका वाढल्या. जास्त लिहिलं तर वाढणारच, म्हणून शंभर शब्दांमागे काढल्या, तर साधारण होत्या तेवढ्याच. शेवटच्या अक्षराच्या तेवढ्या कमी झाल्या.

अहवाल बांधायला दिला त्याच्या आदल्या दिवशी एका सहकाऱ्यांनी जिव्हाळ्यानं सुचवलं, “चुकांचा तक्ता कशाला जोडता? काढून टाका, बाकी झकास आहे.” दुसऱ्यानं टी-मूल्य, म्हणजे फरक योगायोगाचा आहे का हे तपासायचा संख्याशास्त्रातला आकडा, काढून द्यायची तयारी दाखवली. १८ मुलं, तुलनेला दुसरा वर्ग नाही, शिवाय सात महिन्यांत मुलं अशीही वाढतातच. उपक्रमानंच झालं असं मी छातीठोक म्हणू शकत नाही, आणि मर्यादांच्या पानावर तसंच लिहिलं. तक्ता ठेवला. रात्री मात्र मनात आलं की साहेबांनी नेमकं तेच पान उघडलं तर?

सांगलीला सादरीकरण झालं. दहा मिनिटं दिली होती, जेवणाची वेळ झाल्यानं सहाच मिळाली. चुका वाढल्याचा तक्ता पडद्यावर आला तेव्हा मागून कुणी तरी हसलं. पण बाहेर ताटं घेऊन उभे असताना जत आणि शिराळ्याकडचे तिघं-चौघं येऊन विचारत होते ते त्याच तक्त्याबद्दल. जतच्या एका सरांच्या वर्गात घरी कन्नड बोलणारी मुलं आहेत. त्यांच्या पहिल्या खर्ड्यात कन्नड शब्द आला तर राहू द्यायचा का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं राहू द्या, पण कागद जपून ठेवा, मलाही बघायचाय.

पूर्तता अहवाल अजून द्यायचाय. त्याला जोडायला एक कागद मी बाजूला काढून ठेवलाय, त्या ‘गृहिणी’वाल्या मुलाचा, फेब्रुवारीतला.

‘माझी आई टोळीत जाती. सकाळी छोटा हत्ती येतो. त्यात चौदा बायका बसतात. आई मागं बसती कारन तिला वारं आवडतं. संध्याकाळी तिच्या हाताला औषदाचा वास येतो. ती आदी दोनदा साबन लावती मग भाकरी करती. तरी पहिली भाकरी ती स्वताच खाती.’

खाली पेन्सिलीनं मी विचारलं होतं, ‘पहिली भाकरी तीच का खाते?’ त्यानं उत्तर लिहिलंय, ‘वास येतोय का बगायला.’

न-ण पुढच्या आठवड्यात घेणार आहे.