पिनबॉल प्लेफिल्डखालची वायरिंग
प्लेफिल्ड म्हणजे चेंडू धावतो तो पाट. त्याच्या तारांचा आराखडा खालून दिसतो तसाच काढा. पाट उभा केला की चेंडू टोलवणारे फ्लिपर वर जातात, डावा मात्र डावाच राहतो. इथेच गोंधळ होतो.

कॉइलच्या (फ्लिपर वगैरे हलवणाऱ्या विद्युतचुंबकाच्या) जाड १८ गेज आणि चेंडू टिपणाऱ्या स्विचच्या बारीक २२ गेज तारा एका जुडग्यात बांधू नका. कॉइल बंद होतानाचा झटका शेजारच्या स्विचच्या तारेत उतरतो आणि चेंडू नसताना गुण चढतात. कॉइलवर १एन४००४ डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) हवाच, त्यावरच्या पट्ट्याची बाजू पॉझिटिव्हकडे. उलटा लावलात तर कॉइल चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर गेलाच म्हणून समजा!

८ बाय ८ मॅट्रिक्समध्ये (आठ आडव्या, आठ उभ्या तारांच्या जाळीत) ६४ स्विचना मुख्य जुडग्यात १६ तारा पुरतात. फ्लिपरच्या हलत्या दांड्याजवळून तार नेली की घासून सोलते. बिजागरीपाशी सैल वळसा ठेवा, पाट पूर्ण उभा करून ताण बघा. झिप-टाय सगळ्यात शेवटी. तोवर दोराच बरा.