वाई ते मेणवली, दोन मैत्रिणींच्या चालीनं

मी ६९ वर्षांची, मैत्रिणीला नुकतीच ७५ पूर्ण झाली. एकाच शाळेत शिकवलं, निवृत्तीनंतर चालायला लागलो. गड आता सोडलेत. नदीकाठची, सपाटीची वाट शोधतो, आणि जानेवारीअखेर वाई-मेणवली केली.

स्वारगेटहून वाईची एसटी मिळते. पंच्याहत्तरी पूर्ण झालेल्यांना एसटी मोफत, म्हणून तिला पैसे पडले नाहीत, मला अर्धं तिकीट. आधार कार्ड वरच्या कप्प्यात ठेवा.

पहिल्या दिवशी फक्त गणपती घाट. ढोल्या गणपतीचं देऊळ गणपतराव रास्त्यांनी १७६२ साली बांधलं. दर्शन झालं की मागे जाऊन भिंत जरूर पाहा. ती माशाच्या शेपटीसारखी निमुळती आहे, कृष्णेला पूर आला की पाणी दोन्ही अंगांनी फुटून जावं म्हणून. बांधणाऱ्यानं नदीशी भांडण घेतलं नाही, हे मला फार आवडतं.

मेणवली तिथून तीनेक किलोमीटर. सकाळी साडेसातला निघालो आणि पोचायला दीड तास लागला. पण खरं सांगते, आमच्या वयात किलोमीटर मोजू नयेत, बसायच्या जागा मोजाव्यात. आम्ही चार वेळा बसलो: पार, बांध, चहाची टपरी, पुन्हा एक पार. कुठेतरी हळद शिजत होती, तो वास बराच वेळ सोबत आला. रस्ता अरुंद आहे, त्यामुळे समोरून येणारी वाहनं दिसतील अशा उजव्या कडेनं, एकामागे एक चाला. तिला उजव्या कानानं कमी ऐकू येतं, म्हणून चालताना आम्ही बोलतच नाही. बोलणं बसल्यावर, मी तिच्या डावीकडे. निघण्याआधी मुक्कामाच्या ठिकाणीच स्वच्छतागृहात जाऊन या. बायकांनी तर नक्कीच.

मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आहे, चौकामागून चौक. वाड्याच्या मागे चंद्रकोरीसारखा घाट, काठाला मेणेश्वराचं देऊळ, आणि तिथेच एका छोट्या मंडपात टांगलेली पोर्तुगीज घंटा. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तिथून आलेली. घंटेवर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे. डोळे बारीक करून पाहावं लागतं, घाई करू नका.

घाटाच्या पायऱ्या उंच आहेत, धरायला कठडा नाही. गुडघे दुखत असतील तर अंग तिरकं करून, एकेक पाऊल टेकवत उतरा, काठी हवीच. अगदी खालच्या पायऱ्या शेवाळलेल्या होत्या, तिथे आम्ही गेलो नाही. मधल्या पायरीवर बसून तीळगुळाची पोळी खाल्ली.

तिथेच ती म्हणाली, "अगं, मुलगा बंगळूरला ये म्हणतोय. कायमची."

मी विचारलं, "तुला जायचंय?"

"सकाळी वाटतं जावं, संध्याकाळी नको वाटतं."

तास-दीड तास बसलो असू. पाण्यात म्हशी उतरल्या, चढल्या. मला काहीच सुचलं नाही. तिचा हात धरून बसले.

येताना रिक्षा. वाईतून निघतानाच रिक्षावाल्याचा नंबर घेऊन ठेवा, म्हणजे परतीचं चालणं डोक्यावर राहत नाही. धोम आणखी पुढे आहे. तिथे नृसिंहाचं देऊळ आणि कासवाच्या पाठीवर बसलेला दगडी नंदी. तो आम्ही राखून ठेवलाय. मार्चच्या दुसऱ्या शनिवारवर तिनं कॅलेंडरमध्ये स्वतःच्या हातानं खूण केली आहे.