शॉवरची केबल: आधी वाट, मग जाडी

सांगलीच्या घरी आमचा ३ किलोवॉटचा इन्स्टंट गीझर १६ अँपिअरच्या प्लगवर बिनबोभाट चालतो. ब्रिटनमधला इलेक्ट्रिक शॉवर मात्र ८.५ किलोवॉटपासून १०.५ पर्यंत वीज ओढतो. टाकी नाही, साठा नाही. नळाचं थंड पाणी डब्यात शिरतं आणि तिथल्या तिथे तापून डोक्यावर पडतं. हिवाळ्यात नळाचं पाणी ५ अंशांच्या आसपास असतं, तेव्हा ९.५ किलोवॉटचा शॉवरसुद्धा मिनिटाला जेमतेम ४ लिटर पाणी ४० अंशांपर्यंत नेतो. एवढी वीज एका केबलमधून, एका वेळी, सलग वीस मिनिटं जाणार. म्हणून शॉवर कुठला घ्यायचा यापेक्षा त्याची केबल कुठून न्यायची, याचा विचार मी जास्त केला.

रेडिंगमधलं आमचं घर १९३० च्या दशकातलं, दोन मजली. कॉम्बी बॉयलर (घर आणि नळाचं पाणी दोन्ही तापवणारा एकच बॉयलर) बंद पडला की घरात कुठेच गरम पाणी नाही. सासूबाई हिवाळ्यात इथे असल्या की ते परवडत नाही, त्यामुळे बॉयलरवर अवलंबून नसलेला एक शॉवर हवाच होता.

कायद्याची बाजू आधी सांगते. इंग्लंडमध्ये २००५ पासून घरातलं विजेचं काम इमारत नियमांच्या ‘पार्ट पी’खाली येतं. शॉवरसाठी नवीन सर्किट म्हणजे कळवावं लागणारं काम. एक तर स्थानिक बिल्डिंग कंट्रोलला आधी अर्ज करायचा, नाही तर नोंदणीकृत इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यायचं. मी दुसरा मार्ग घेतला. जमिनीच्या लाकडी फळ्या उचलणं, भोकं पाडणं, भिंतीत खाच मारणं ही तयारी मी त्याच्या देखरेखीखाली करायची आणि केबल टाकणं, जोडणी, तपासणी त्याने करायची, असं सुरुवातीलाच बोलून घेतलं. शिक्षणाने मी इलेक्ट्रिकल इंजिनिअर आहे, तरीही ही वाटणी मला योग्य वाटते. सही करणाऱ्याने प्रत्येक टप्पा उघडा असताना बघितला पाहिजे.

इलेक्ट्रिशियन पहिल्यांदा आला तेव्हा शॉवरकडे गेलाच नाही. जिन्याखालच्या मीटरपाशी बसला. मेन फ्यूज किती अँपिअरचा, अर्थिंग कसं आहे, घरात आणखी काय काय मोठं चालतं? आमच्याकडे गाडीचा ७.४ किलोवॉटचा चार्जर आहे, म्हणजे ३२ अँपिअर तिथेच गेले. त्यात शॉवरचे ४०, ओव्हन वेगळा. मेन फ्यूज १०० अँपिअरचा असल्याची खात्री झाली आणि चार्जरला घराचा एकूण भार बघून स्वतःहून कमी होण्याची सोय निघाली, तेव्हाच पुढचं बोलणं सुरू झालं. तो फ्यूज ६० चा असता तर सगळा बेत बदलावा लागला असता.

आता केबल. कोणालाही विचारा, उत्तर तयार असतं: “शॉवर ना? १० स्क्वेअर टाका, डोळे झाकून.” मला हे पटत नाही. बीएस ७६७१ या वायरिंगच्या मानकात एकाच केबलसाठी अनेक आकडे दिलेले आहेत आणि कुठला लागू होतो ते केबल कशी टाकली आहे त्यावर ठरतं. १० चौरस मिलिमीटरची ट्विन अँड अर्थ केबल (दोन तारा आणि एक उघडी अर्थ एकाच वेष्टनात) भिंतीवर किंवा लाकडावर उघडी ठोकली तर ६४ अँपिअर पेलते. तीच केबल छताच्या प्लास्टरबोर्डवर टाकून वर १०० मिलिमीटरपर्यंत इन्सुलेशन (घराची ऊब धरून ठेवणारा थर) आलं तर ४५. इन्सुलेशनचा थर त्याहून जाड झाला की ३६. ६ चौरस मिलिमीटरच्या केबलसाठी हेच आकडे ४७, ३४ आणि २७ होतात. तांबं तेच, पण गोधडीत गुंडाळल्यावर त्याची उष्णता जाणार कुठे?

आमच्या माळ्यावर काचलोकरीचे थर आहेत, इथे शिफारस असते तसे सुमारे २७० मिलिमीटर. सोपी वाट तिथूनच होती: जिन्याच्या कोपऱ्यातून सरळ वर, माळ्यावरून आडवी, आणि बाथरूमच्या छतातल्या दोरीच्या स्विचमध्ये खाली. ९.५ किलोवॉटचा शॉवर २४० व्होल्टला ३९.६ अँपिअर घेतो. म्हणजे केबल त्या लोकरीखाली गेली तर ‘डोळे झाकून’ टाकलेली १० चौरसचीसुद्धा कमी पडते. १६ चौरसची टाकावी, तर काही शॉवरांच्या टर्मिनलमध्ये ती मावत नाही. लोकरीच्या वरून, लाकडाला क्लिप मारत नेता आली असती. पण पुढे कधी तरी कोणी आणखी एक थर अंथरून गेलं, तर ते घरातल्या कोणाला कळणारही नाही.

मग प्रश्न उलटा धरला. केबल माळ्यावर जातेच कशाला? तर छतातल्या स्विचसाठी. हा स्विच बाथरूमच्या छतातच हवा असं काही नाही. दोन्ही तारा तोडणारा, लाल दिव्याचा ५० अँपिअरचा स्विच बाथरूमबाहेरच्या भिंतीवर लावला तरी चालतो. आमचा शॉवर ज्या विटांच्या भिंतीवर येणार होता तिच्या पाठीमागेच वरचा पॅसेज आहे. स्विच तिकडे घेतला आणि माळ्यावरून जायची गरजच उरली नाही. नवऱ्याला हे आधी रुचलं नव्हतं. “अगं, आंघोळीला जाताना बाहेर बटण दाबायचं लक्षात कोणाच्या राहणार?” महिनाभर कुरकुर झाली, आता हात आपोआप जातो.

नवी वाट अशी: जिन्याखालून वर, पहिल्या मजल्याच्या फळ्यांखालून आडवी, मग पॅसेजच्या भिंतीत सरळ उभी स्विचपर्यंत आणि तिथून भिंतीपलीकडे शॉवरमध्ये. एकूण १६ मीटर. भिंतीत केबल तिरकी न्यायची नाही हा नियम कटाक्षाने पाळला. स्विचच्या बरोबर खाली उभ्या रेषेत गेली की पुढे खिळा ठोकणाऱ्याला निदान अंदाज येतो.

कागदावर या वाटेला ६ चौरसची केबल पुरत होती. फळ्या उचलल्यावर चित्र बदललं. स्वयंपाकघराच्या वरच्या भागात, पूर्वीच्या मालकाने आवाज अडवण्यासाठी प्लास्टरबोर्डवर लोकर अंथरली होती. थर ७५ मिलिमीटरचा, लांबी दोनेक मीटर. बाकीचे चौदा मीटर मोकळे असले तरी हिशेब या दोन मीटरांचाच धरायचा. ६ चौरसची तिथे ३४ वर येते आणि आमचा ब्रेकर ४० चा. १० चौरसची ४५ वर राहते. निर्णय तिथेच, गुडघ्यावर बसल्या बसल्या झाला. व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे वाटेत घटणारं व्होल्टेज, दोन्ही केबलींचा मर्यादेत होता: ६ चौरसचा ४.६ व्होल्ट, १० चौरसचा २.८, आणि मर्यादा ११.५ ची. तरी जाड केबलीने वाटेत वाया जाणारी साधारण ७० वॉटची उष्णता वाचते, हेही मला मोलाचं वाटतं.

फळ्यांखालच्या आडव्या तुळयांना भोकं पाडताना घाई केली नाही. तुळयांची खोली १७५ मिलिमीटर आणि लांबी ३.६ मीटर. भोक मधल्या रेषेवरच हवं आणि आधारापासून लांबीच्या पाव ते दोन-पंचमांश अंतरातच, म्हणजे भिंतीपासून ९० सेंटिमीटर ते १४४ सेंटिमीटरच्या पट्ट्यात. २५ मिलिमीटरचं भोक मधोमध घेतल्यावर वर ७५ मिलिमीटर लाकूड शिल्लक राहतं, फळीचा खिळा केबलपर्यंत पोचत नाही. सगळी भोकं इलेक्ट्रिशियनने हात घालून बघितली आणि मगच केबल ओढली. १० चौरसची केबल हट्टी असते. एक जण मागून सोडणारा आणि एक जण पुढून ओढणारा असल्याशिवाय ती वळणावर चुरगळते.

सगळ्यात जास्त वेळ त्याने जोडणीवर घालवला, आणि तो बघत बसणं हा माझ्यासाठी या कामातला सर्वांत शिकण्यासारखा भाग होता. सात तारांचा पीळ न सोडता टोक सोललं, उघड्या अर्थवर हिरवी-पिवळी नळी चढवली, तार टर्मिनलमध्ये पूर्ण आत सारली, स्क्रू टॉर्क स्क्रूड्रायव्हरने कारखान्याने दिलेल्या मापाला आवळला. मग तार थोडी डावी-उजवी हलवून पुन्हा आवळला, आणि तो खरोखरच आणखी थोडा फिरला. त्या सात तारा आपली जागा बदलतात आणि पहिल्यांदा घट्ट वाटलेला स्क्रू सैल ठरतो. ४० अँपिअरच्या प्रवाहात अशा सैल जागेवर टर्मिनल काळं पडतं आणि वितळतं. तारांचं इन्सुलेशन (प्लास्टिकचं वेष्टन) तपासताना शॉवरचं आवरण अजून काढलेलंच होतं. ५०० व्होल्टची तपासणी, अर्थ लूप (बिघाड झाल्यास प्रवाहाला अर्थमधून परतायची वाट), आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीबीओ (गळती किंवा जादा प्रवाह ओळखून सर्किट तोडणारा ब्रेकर) वेळेत उडतो का, हे सगळं झाल्यावर डबा बंद केला.

इन्स्टॉलेशन सर्टिफिकेट त्याने दिलं आणि इमारत नियमांचं प्रमाणपत्र नंतर पोस्टाने आलं. घर विकताना खरेदीदाराचा वकील दोन्ही मागतो. फळ्या बंद करण्याआधी प्रत्येक वळणाशी टेप लावून काढलेले फोटो आणि वाटेचा नकाशा मी त्याच फायलीत ठेवलाय. लोकरीचे ते दोन मीटर त्यावर लाल रंगाने दाखवलेत.