या वयात तांबी? माझा अनुभव

गेल्या वर्षी आषाढात पाळी आली ती अठरा दिवस थांबलीच नाही. नाशिकमध्ये सिडकोहून सीबीएसला बसने जाताना मी सीटवर ओढणीची घडी घालून बसायचे. हिमोग्लोबिन ८.१, सोनोग्राफीत गर्भाशयाचं अस्तर १८ मिमी. पहिल्या डॉक्टरांनी रिपोर्ट नीट न वाचताच विचारलं, "मुलं झाली ना दोन? मग पिशवी ठेवून करायचंय काय?" जाऊबाई, मावशी, समोरच्या काकू, सगळ्यांच्याच पिशव्या निघालेल्या. घरात कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी मात्र ऑपरेशनची तारीख घेतली नाही.

गंगापूर रोडवरच्या दुसऱ्या मॅडम म्हणाल्या, "अस्तर जाड आहे एवढंच सोनोग्राफीत दिसतं. पेशी कशा आहेत ते तपासल्याशिवाय कळत नाही." भूल देऊन दुर्बिणीतून तपासणी आणि क्युरेटिंग झालं, म्हणजे अस्तर खरवडून तपासायला पाठवलं. रिपोर्ट यायला आठ दिवस लागले, आणि त्या आठ दिवसांत मी गुगलवर जे वाचलं ते वाचायला नको होतं.

निदान आलं: हायपरप्लेसिया, म्हणजे अस्तराची जास्तीची वाढ; एटिपिया, म्हणजे पेशींत विचित्र बदल, नाही. मॅडमनी कागदावर चित्र काढून समजावलं. पंचेचाळिशीच्या आसपास दर महिन्याला बीज सुटेलच असं नसतं. ते सुटलं नाही की प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही आणि इस्ट्रोजेन एकटंच अस्तर वाढवत राहतं. वजन जास्त असेल तर चरबीतूनही त्यात भर पडते (हे त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या). एटिपिया नसेल तर २० वर्षांत कॅन्सर होण्याचा धोका ५ टक्क्यांहून कमी. "एटिपिया असता तर मीच पिशवी काढा म्हटलं असतं," हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं.

उपाय होता मिरेना. सासूबाई ऐकून चकितच झाल्या, "या वयात तांबी?" दिसते तशीच, इंग्रजी टीसारखी, पण तिच्यात तांबं नाही. ५२ मिग्रॅ लेव्होनॉरजेस्ट्रेल, म्हणजे प्रोजेस्टेरॉनसारखंच काम करणारं हार्मोन असतं, सुरुवातीला रोज साधारण २० मायक्रोग्रॅम थेट अस्तरावर झिरपतं. खऱ्या तांबीने उलट रक्तस्राव वाढू शकतो. बसवायला दहा मिनिटं लागली. दोनदा जोराची कळ आली, मग रिक्षाने घरी येऊन गरम पाण्याची पिशवी घेऊन पडले.

खरी परीक्षा पुढे होती. तीन ते सहा महिने डाग पडतील असं मॅडमनी सांगितलं होतं, पण ते रोज पडतील हे माझ्या डोक्यात शिरलंच नव्हतं. नवरात्रात कालिकेच्या यात्रेला निघायची वेळ आली आणि घरात पेच पडला: हे धरायचं की नाही? सासूबाईंनी बराच विचार केला. "औषधाचं आहे ना? मग नाही धरायचं. चल." त्यांच्या या निकालाने मला जो धीर आला, तो गोळ्यांनी आला नव्हता. दोनदा मात्र "काढून टाका ही" म्हणत मी क्लिनिकच्या दारात गेले होते. दिवाळीनंतर डाग कमी होत गेले, आता पाळी जवळजवळ येतच नाही.

सहा महिन्यांनी पुन्हा बायॉप्सी झाली, यावेळी भुलीशिवाय, बारीक नळीने. मिरेना बसवण्यापेक्षा ही जास्त दुखली. रिपोर्टमध्ये हायपरप्लेसिया नाही, हिमोग्लोबिन ११.६. सहा महिन्यांच्या अंतराने सलग दोन रिपोर्ट चांगले यायला हवेत, म्हणून पुढची बायॉप्सी ऑगस्टमध्ये आहे. या खेपेला दुखू नये म्हणून काय गोळी घ्यायची ते मॅडमना आधीच विचारून ठेवलंय.