चिकमॉगाच्या रानातलं पोर आणि आमचं सप्टेंबरचं वाचन

दरवर्षी ऑगस्ट सरता सरता आमच्या मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर कुणीतरी विचारतंच, "वाचन कधी आहे?" खरं तर सगळ्यांना ठाऊक असतं. गणपती लवकर आले तर विसर्जनानंतर, उशिरा आले तर आधी, पण सप्टेंबरच्या विशीच्या आसपासचा शनिवार हा वाचनाचा. टेनेसी राज्यातल्या चॅटनूगा शहरात आणि जवळपासच्या गावांत विखुरलेली आम्ही मोजकीच मराठी कुटुंबं. अटलांटाच्या मोठ्या मंडळांसारखा नाटकांचा, गायकांच्या दौऱ्यांचा थाट आम्हाला परवडत नाही. आमचं वर्षाकाठचं वैभव म्हणजे ही एक दुपार.

वाचन सुचवलं ते विदर्भातल्या एका कॉलेजात आयुष्यभर इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या, मुलाकडे राहायला आलेल्या सरांनी. सगळे त्यांना सरच म्हणायचे, त्यांची सूनसुद्धा. ते म्हणाले, "आपण राहतो तिथून तासाभराच्या आत ती जागा आहे. जागेवरची गोष्ट जागेवरच वाचली पाहिजे." गोष्ट होती अमेरिकी लेखक अँब्रोज बिअर्सची, 'चिकमॉगा' नावाचीच. फुलस्केप वहीत, निळ्या शाईत सरांनी तिचं मराठी करून आणलं होतं. त्या वहीच्या झेरॉक्स आजही आमच्याकडे फिरतात.

शहरातून दक्षिणेला निघालं की राज्याची सीमा ओलांडून थोड्याच वेळात जॉर्जियातलं चिकमॉगाचं रणांगण लागतं. उत्तरेची राज्यं आणि गुलामगिरी टिकवू पाहणारी दक्षिणेची राज्यं यांच्यात झालेल्या अमेरिकेच्या यादवी युद्धात १९ आणि २० सप्टेंबर १८६३ रोजी इथे लढाई झाली. दोन्ही बाजू मिळून सुमारे ३४,००० माणसं मेली, जखमी झाली, पकडली गेली किंवा बेपत्ता झाली. त्या युद्धात याहून जास्त हानी फक्त गेटिसबर्गला झाली. १८९० साली सरकारनं ही जमीन राखून ठेवली, देशातलं हे सर्वांत जुनं लष्करी उद्यान. सकाळी आम्ही तिथे फिरतो. पाटीपाटीपाशी थांबतो, मुलं तोफांवर हात फिरवतात. दुपारी हॉलवर परत. जेवणाला प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायचा, मसालेभात मात्र ठरलेल्या काकूंचाच. चहा वाचनाच्या आधी होतो. नंतर चहा कुणाला सुचत नाही.

गोष्ट तशी छोटी. सहा वर्षांचा एक मुलगा शरद ऋतूतल्या उन्हात घराजवळच्या रानात शिरतो. वडील एके काळी सैनिक होते, आता बेताच्या परिस्थितीतले शेतमळेवाले. घरात लढायांची पुस्तकं, चित्रं. त्यांच्या नादानं पोरानं स्वतःसाठी लाकडाची तलवार केलेली. ओढा ओलांडून तो न दिसणाऱ्या शत्रूंचा पाठलाग करतो आणि अचानक समोर ससा येतो. तो घाबरून पळतो, वाट चुकतो, आईसाठी रडतो आणि दोन खडकांच्या बेचक्यात तलवार घट्ट धरून झोपी जातो. तो झोपलेला असताना लढाई त्याच्या आजूबाजूनं येते आणि जाते. संध्याकाळी जागा होतो तेव्हा धुक्यातून माणसं सरपटत येताना दिसतात, शेकडो. त्याला तो खेळ वाटतो. तलवार उंचावून तो त्यांच्या पुढे चालू लागतो, लांबच्या लाल उजेडाकडे. तिथे पोचल्यावर कळतं की जळतंय ते त्याचंच घर. बाहेर आई पडलेली, तोफगोळ्यानं मेलेली. आणि अगदी शेवटी बिअर्स सांगतो की हे मूल बहिरं आणि मुकं आहे.

पहिल्या वर्षी वाचन संपल्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एका आईनं विचारलं, "म्हणजे शिवजयंतीला मुलांच्या हातात तलवारी द्यायच्याच नाहीत का?" प्रश्न तिनं कळकळीनं विचारला होता. आमच्या हॉलच्या कपाटात पुठ्ठ्याच्या तलवारी, ढाली, जिरेटोप भरलेले असतात. मुलं महाराजांचे मावळे होतात आणि आम्ही आईबाप फोटो काढताना सुखावतो. सरांनी घाईनं उत्तर दिलं नाही. म्हणाले, "तलवार कशाचं प्रतीक आहे ते नंतर. आधी ती काय काय करते ते बघा." मग सगळ्यांनी मिळून त्या तलवारीचा प्रवास लावला. सुरुवातीला ती शस्त्र. झोपेत ती सोबतीण. जखमींच्या पुढे चालताना ती सेनापतीची निशाणी. आणि शेवटी आग बघून हरखलेलं मूल तिच्यात टाकायला काहीतरी शोधतं, सगळंच जड लागतं, तेव्हा ते तलवारच फेकतं आणि ती सरपण होते. प्रतीक म्हणजे एका वस्तूला चिकटवलेला एक अर्थ, असं शाळेत शिकलेली मी त्या दुपारी पहिल्यांदा एखादी वस्तू गोष्टीबरोबर चालताना पाहिली. तलवारीबद्दल त्या आईला सर एवढंच म्हणाले की पोरानं ती कुणाकडून उचलली ते गोष्टीच्या पहिल्याच परिच्छेदांत आहे.

पुढच्या काही वर्षांत चर्चा सशापाशी आणि विदूषकापाशी अडायची. जखमींचे पांढरे, रक्तानं रेघाळलेले चेहरे बघून मुलाला सर्कशीतला रंगवलेला विदूषक आठवतो आणि तो हसतो. यावर बोलणं सोपं आहे, निरागसपणा वगैरे शब्द लगेच हाताशी येतात. ते थांबवलं इथेच जन्मलेल्या, अकरावीत शिकणाऱ्या एका मुलीनं. आमच्या रविवारच्या मराठी शाळेत वाढलेली, बोलताना अडखळणारी, पण वाचताना स्वच्छ. ती म्हणाली, "तुम्ही सगळे घोड्याबद्दल का बोलत नाही?"

गोष्टीत तो मुलगा सरपटणाऱ्या एका माणसाच्या पाठीवर चढून बसतो. कारण वडिलांचे कृष्णवर्णी गुलाम त्याच्या करमणुकीसाठी असेच हातापायांवर रांगायचे आणि तो त्यांना घोडा करून त्यांच्यावर बसायचा. बिअर्सनं हे एका ओळीत सांगितलंय, इतक्या सहज की आम्ही दरवर्षी त्यावरून पुढे जात होतो. ती म्हणाली, "माणूस म्हणजे घोडा हे त्याला घरीच शिकवलंय. युद्ध ज्यासाठी चाललंय तेच." तो जखमी माणूस कोसळतो, मुलाला फेकून देतो, आणि वळतो तेव्हा त्याचा खालचा जबडाच नसतो. तो मुलावर मूठ उगारतो. पाठीवर बसू न देणारा माणूस या पोराला आयुष्यात पहिल्यांदा भेटतो, आणि पहिल्यांदाच त्याला माणसांची भीती वाटते. जॉर्जियातल्या शेतमळ्यावरच्या मुलाची गोष्ट आम्ही इतकी वर्षं केवळ युद्धविरोधी म्हणून वाचत होतो. त्यात गुलामगिरी मूठभर शब्दांत आहे आणि साऱ्या गोष्टीचा कणा तिथेच आहे, हे आता मला पक्कं वाटतं.

आमच्या वाचनाची खरी श्रीमंती म्हणजे भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले आईवडील. त्यांच्याकडे वेळ असतो, आणि गोष्टीशी भिडण्यासाठी आम्हा नोकरदारांकडे नसलेली आयुष्यं असतात. एका वर्षी साताऱ्याकडचे एक निवृत्त सुभेदार लेकीकडे आले होते. सबंध चर्चेत गप्प. शेवटी त्यांनी ओढ्याचा प्रसंग पुन्हा वाचायला लावला. जखमी ओढ्यापाशी पोचतात, तोंड पाण्यात घालतात आणि काहींच्या अंगात ते वर काढायची ताकद उरत नाही. सुभेदारकाका म्हणाले, "लिहिणारा तिथं असणारच. रक्त गेलं की माणूस पाणीच मागतो." सकाळीच आम्ही रणांगणावरचं ते तळं पाहून आलो होतो, ज्याला 'रक्ततळं' अशाच अर्थाचं नाव पडलंय. त्या सप्टेंबरात इथे पाण्याचा दुष्काळ होता, माणसं आणि घोडी मिळेल त्या डबक्यावर तुटून पडली होती.

काकांचा अंदाज बरोबर होता. बिअर्स इथे होता. वय २१, उत्तरेच्या फौजेत जनरल हेझनच्या हाताखाली भूप्रदेशाचे नकाशे काढणारा अधिकारी. पुढल्याच वर्षी, जून १८६४ मध्ये, अटलांटाच्या वाटेवर केनेसॉच्या डोंगरापाशी त्याच्या डोक्यात गोळी लागली आणि त्यातूनही तो वाचला. 'चिकमॉगा' छापून आली ती १८८९ साली, सॅन फ्रान्सिस्कोच्या एका दैनिकात. मधे पंचवीस वर्षांहून जास्त काळ गेला होता. ओढा कुठे, वाट कुठे, घर कुठल्या दिशेला, हे कागदावर उतरवणं हेच ज्याचं काम, त्यानं या जागेवरची गोष्ट लिहिताना दिशाच हरवलेलं मूल घेतलं. जळणारं घर आपलंच आहे हे मुलाला कळतं तो क्षणही बिअर्स दिशांतूनच दाखवतो: सगळा परिसर एका आसावर गर्रकन फिरल्यासारखा होतो आणि ओळख पटते. दरवर्षी त्या ओळीशी मी थांबते. मला वाटतं, नकाशे काढणाऱ्यालाच ती सुचू शकते.

उद्यानातल्या माहितीपाट्यांवर उत्तरेसाठी निळा आणि दक्षिणेसाठी लाल रंग आहे. मुलं रंग बघून पळत सुटतात, कोण कुठे उभं होतं ते सांगतात. गोष्टीत मात्र सरपटणाऱ्या माणसांच्या अंगावर कुठल्या फौजेचा पोशाख आहे, ते कळत नाही. कोण जिंकलं तेही नाही. लढाईचं नाव फक्त मथळ्यात. मुलालाही नाव नाही.

पण त्याच्या घराला इथे एक सख्खं घर होतं. उत्तरेच्या वाइल्डर ब्रिगेडचा उंच दगडी मनोरा आहे त्या टेकाडावर तेव्हा इलायझा ग्लेन नावाच्या तरुण विधवेची लाकडी झोपडी होती. नवरा दक्षिणेच्या सैन्यात गेला आणि वारला, पदरात लहान मुलं. उत्तरेच्या सेनापतीनं, रोझक्रान्झनं, तिच्या घरात आपलं ठाणं मांडलं, तिला मुलांना घेऊन बाहेर पडावं लागलं, आणि २० तारखेच्या लढाईत तोफगोळ्यानं ती झोपडी जळाली. हे तिथे उभं राहून मुलांना सांगितलं की ती मनोऱ्यावर चढायचं विसरतात. बिअर्सच्या मनात तीच झोपडी होती असं म्हणायला माझ्याकडे काही आधार नाही. पण आग हे त्या गोष्टीतलं सर्वांत फसवं चिन्ह आहे हे तिथे उभं राहिल्याशिवाय मला उमगलं नसतं. दुरून ती वाट दाखवते; बायबलमध्ये इजिप्तमधून निघालेल्या लोकांपुढे रात्री अग्नीचा स्तंभ चालतो, त्याची बिअर्स मुद्दाम आठवण करून देतो. आणि हा स्तंभ या साऱ्यांना नेतो कुठे, तर पोराच्या स्वतःच्या दाराशी.

सर्वांत जास्त वाद झाला तो मूकबधिर शाळेत बत्तीस-तेहतीस वर्षं शिकवलेल्या एका आजी आल्या त्या वर्षी. आम्ही नेहमीप्रमाणे शेवटच्या उलगड्याची वाखाणणी करत होतो: बहिरेपण म्हणजे युद्धाच्या आवाजाला बहिरा झालेला समाज, मागे जाऊन वाचलं की प्रत्येक शांततेचं कारण कळतं, इत्यादी. आजींनी हात वर केला. "बहिऱ्या पोराला तोफ कानानं कळत नाही, पण छातीत कळते. जमिनीतनं कळते. आमची पोरं ढोलावर तळहात ठेवून नाचायची. तोफा जवळ उडाल्या तर हे पोर जागं होणार." मग म्हणाल्या, "आणि त्याच्या ओरडण्याला माकडाची, पक्ष्याची उपमा दिलीय, ती मला लागली."

सर तेव्हा होते. त्यांनी लेखकाची बाजू घेतली नाही, याचा मला आजही आदर वाटतो. आजींचं म्हणणं मलाही पटलं. बिअर्सनं त्या मुलाचं बहिरेपण गोष्टीच्या सोयीसाठी वापरलंय, आणि खऱ्या मुलाला प्रतीक केलं की त्याच्या अंगातलं काहीतरी गळतंच. पण आजी तिथेच थांबल्या नाहीत. शेवटचा परिच्छेद पुन्हा वाचायला सांगून त्या म्हणाल्या, "आईसमोर तो हात कसेतरी हलवतो, असं लिहिलंय ना? तो बोलतोय. घरातल्या आईला पोराच्या खुणा कळतात, बाकी कुणाला नाही. ज्या एका माणसाला त्याचे हात वाचता येत होते, तिच्याशी तो बोलतोय."

बिअर्सच्या मनात हे असेल-नसेल. पण त्यानंतर ते हात मला दुसऱ्या कुठल्याही रीतीनं वाचता आलेले नाहीत. ही गोष्ट एकटीनं घरी वाचली असती तर मला ना घोडा दिसला असता, ना ओढा, ना हात.

लहान मुलांपुढे शेवट वाचावा की नाही, हा आमच्याकडचा जुना प्रश्न. आईच्या देहाचं वर्णन फार भीषण आहे. आता बारा वर्षांखालची मुलं त्या वेळी बाजूच्या खोलीत चित्रं काढतात, मोठी थांबतात. गेल्या सप्टेंबरात पहिल्यांदाच थांबायला मिळालेल्या एका मुलीनं विचारलं, "त्याचे बाबा कुठे होते?" इतक्या वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी वही चाळली. मूल झोपलेलं असताना मळ्यावरची माणसं, गोरी आणि काळी, त्याला शेतांत, कुंपणांत शोधत आहेत, एवढा उल्लेख आहे. बाप त्यांत असेल. एक जण म्हणाला, तो पुन्हा फौजेत गेला असेल. दुसरी म्हणाली, सरपटणाऱ्यांत असेल आणि पोराला ओळखू आला नसेल. मला वाटतं, बापाला बिअर्सनं सुरुवातीनंतर मुद्दामच बाहेर ठेवलंय. त्याची पुस्तकं आणि चित्रं आत येतात, तो येत नाही. हे मी बोलून दाखवलं तर प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलीला ते पटलं नाही. शोधणाऱ्यांतच तो होता आणि रात्री परत आला असणार, असं तिचं ठाम म्हणणं. हॉलची वेळ संपल्यामुळे ते तिथेच राहिलं. यंदा चर्चा तिच्या मुद्द्यापासून सुरू करायची ठरलं आहे, आणि तिनं वही आधीच मागून नेली आहे.